शासकीय वाहने वगळून

व्यक्तीचं स्वातंत्र्य थोर की समाजाचं नियंत्रण, हा मानवजातीपुढचा सनातन प्रश्न आहे आणि प्रत्येक पिढीला तो आपल्या रक्ताघामाने नव्याने सोडवावा लागतो. गेल्या फाल्गुनात तो सुटताना मी स्वतः पाहिला. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या पुढच्या एका गावात, मारुतीच्या देवळासमोरच्या मांडवात. माइक बंद पडला होता, त्यामुळे मागे बसलेल्यांना तो सुटल्याचं जरा उशिरा कळलं.

गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांनी मला तिथे बोलावलं त्या खंदारे सरांची तशी अट होती. "नाव छापून आलं तर पाण्याच्या टाकीचा निधी अडकतो," ते म्हणाले.

"टाकी मंजूर झालीय?"

"अजून व्हायची हाय. मनूनच."

बोलावण्याचं कारण माझा एक लेख. शहरांतल्या खाजगी मोटारींवर बंदी घालावी आणि सगळी वाहतूक सरकारने चालवावी, असं मी एका दिवाळी अंकात लिहिलं होतं. मी पुण्यात राहते आणि आमच्या गल्लीतला पदपथ मी बरीच वर्षं पाहिलेला नाही, कारण त्यावर गाड्या असतात. लेख तिघांनी वाचला: मी, मुद्रितशोधकाने आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या खंदारे सरांनी. सरांनी फोन करून सांगितलं की त्यांची ग्रामसभा गावात खाजगी मोटारींना बंदी करणार आहे, सरपंचांनी माझा लेख लॅमिनेट करून घेतलाय, आणि मी आले तर बरं होईल. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलेल्या बाईला आपला विचार कुठेतरी अंमलात येतोय हे कळलं की ती फार विचार करत नाही. मी तिकीट काढलं.

पूर्णा

पूर्णा जंक्शनला उतरले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. रेल्वेची जुनी क्वार्टर्स, कडुलिंबाची झाडं, रात्रपाळी संपवून सायकलीवरून घरी निघालेले कामगार. गावात शिरण्याआधी माणसाला जरा थांबून बघावंसं वाटावं असं स्टेशन. बाहेर एक जीप उभी होती. तिचा मूळचा रंग कोणता, यावर दोन मतं होऊ शकली असती. चालक चाळिशीचा, अंगाने बारीक, दाढी नीट राखलेली. त्याचं नाव मुनीर.

"गाडी बंद करायला आल्यात त्या मॅडम तुमीच का?"

"मी नुसती बघायला आलेय."

"हौ. बसा मग. बंद व्हायच्या आधी पोचवतो."

त्याने माझी पिशवी पुढच्या सीटवर ठेवली आणि मला तिच्याशेजारी बसवलं. मागे एक आजारी म्हातारा, त्याची सून, बी-बियाण्याची दोन पोती आणि मांडवाच्या खुर्च्यांची चळत. ग्रामसभेसाठी लागणाऱ्या खुर्च्या मुनीरच नेत होता.

मोठा रस्ता सुटला आणि गावाकडच्या अरुंद डांबरी रस्त्याला लागलो तशी दोन्हीकडे भेगाळलेली काळी रानं पसरली. ज्वारी निघालेली, हरभरा निघालेला, बांधावर एखादा पळस पेटल्यासारखा. पुढे रस्त्यावरच पिवळट काटेरी गवतासारखं काहीतरी अंथरलेलं दिसलं. मला वाटलं मुनीर ब्रेक लावील. त्याने वेग थोडा कमी केला आणि जीप सरळ त्यावरून नेली. टायरखाली कडकड आवाज होत राहिला.

"करडी," तो म्हणाला. "वाळली की रस्त्यावर टाकत्यात. गाड्या जात्यात, बोंडं फुटत्यात. मजूर मिळना, मशीन वेळेवर येईना. काटे लय, हातानं बडवायचं कुणाला जमतंय."

कडेला डोक्याला फडकं गुंडाळलेली एक बाई काठीने करडई उलटीपालटी करत उभी होती. ती ओरडली, "मुनीरभाई, उजवीकडून घे की. तिकडचं तसंच राह्यलंय."

मुनीरने जीप मागे घेतली, उजवीकडून नेली. म्हातारा खोकला. सुनेने पदर नाकाला लावला. पुण्यात आपल्या गाडीखाली कुणाचं काही आलं तर भांडण होतं. इथे काही आलं नाही तर होतं.

गावाच्या अलीकडे एका घरासमोर रस्त्यावर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. मुनीर उतरला. फांद्या एकेक करून बाजूला केल्या, जीप पुढे नेली, पुन्हा उतरला आणि सगळ्या फांद्या होत्या तशा परत मांडल्या.

"कुणी टाकल्यात?" मी विचारलं.

"केरबा मामानं."

"मग तुम्ही परत का ठेवता?"

"त्यांच्या हायत, मनून." तो आरशात मागे बघत राहिला. "सर सांगतील तुमाला."

खंदारे सरांकडे

सरांच्या ओसरीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मीनाताईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्च्या करडई तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाला घातलेलं पीठ. आमटीला त्याने एक तपकिरी, जडशीळ चव येते. आमच्याकडे आमटी गोडसर हवी असते. दुसरी वाटी घेताना मला आमच्या आमटीची कीव आली.

जेवताना मी काट्यांबद्दल विचारलं. सरांनी भाकरी खाली ठेवली.

गेल्या वर्षी याच दिवसांत केरबाची बायको पारूबाई घरासमोर रस्त्यावर टाकलेली करडई काठीने हलवत होती. मोठ्या रस्त्याकडून एक पांढरी गाडी वेगात आली. करडईचे दाणे तेलकट आणि गोल. त्यांवर ब्रेक लावला की चाक धरत नाही. गाडी घसरली आणि पारूबाईला घेऊन कडेच्या दगडापर्यंत गेली. गाडीतून एक साहेब उतरले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मीटिंग आहे असं म्हणाले आणि गाडीत बसून गेले. गाडीच्या पुढच्या काचेला शासनाची पाटी होती. खातं कोणतं ते सरांनी मला सांगितलं. मी लिहीत नाही; खाती बरीच आहेत, ज्याला वाटेल त्याने अंगाला लावून घ्यावं.

"अॅम्ब्युलन्स?"

"फोन लागला. येतो मनले. मुनीर थांबला न्हाई. मागच्या शिटा काढून तिला आडवं टाकलं आन् परभणीला घेऊन निघाला. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं बघा. मालगाडी व्हती, लांबलचक. डबे संपंनात. तिथंच गेली ती."

मीनाताई पाण्याचा तांब्या घेऊन आत गेल्या.

पोलिसांनी लिहिलं: अज्ञात वाहनाची धडक. अख्ख्या गावाने गाडी पाहिली होती, पण जबाब द्यायची वेळ आली तेव्हा जो तो त्या वेळी रानात होता. गावाची घरकुलं, विहिरी, टाकी, सगळी कामं कुठल्या ना कुठल्या साहेबाकडे पडलेली. दवाखान्यात मात्र पेशंट कोणत्या गाडीने आणला ते लिहून घेतात. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात कागदावर एकाच गाडीचा नंबर आला. तो मुनीरच्या जीपचा. पोलिसांनी चौकशीला वरचेवर बोलावलं ते त्याला.

मी म्हटलं, "पण मग बंदी खाजगी गाड्यांवर कशाला?"

"सरकारी गाडीवर घालता येती का?" सर शांतपणे म्हणाले. "बाई गेल्यावर लोकांना कायतरी बंद करायचं व्हतं मॅडम. जे बंद करता येतंय ते करायलेत."

"आणि तुम्ही? तुम्हाला पटतं?"

"माझ्या बापाला या गावानं आडावर येऊ दिलं न्हाई. कायद्यानं येऊ दिलं. गाव एका बाजूला आन् सरकार दुसऱ्या बाजूला आसंल तर आमच्या घरानं कायम सरकार धरलंय. ते सोडायचं मंजे मला बापाला सांगावं लागल." मग म्हणाले, "यावेळी गाव आन् सरकार एकाच बाजूला हायत. असं कधी झालं नव्हतं. मला कळंना झालंय."

माझ्या लेखात एक वाक्य होतं: राज्य म्हणजे दुसरं कुणी नाही, आपणच. ते मी वर्गात अनेक वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. राज्याला चार चाकं आणि काळ्या काचा असतात आणि ते मीटिंगला उशीर झाला की निघून जातं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

केरबाचं घर

संध्याकाळी मेंढरं परत आली तेव्हा सर मला केरबाकडे घेऊन गेले. धनगराचं घर, अर्धं पत्र्याचं, अर्धं मातीचं, पुढे मेंढरं कोंडायचा काट्यांच्या कुंपणाचा वाडगा. केरबा साठीचा असावा. उंच, गुडघे गेलेले, घोंगडीवर बसताना दोन्ही हात टेकायचा. सुनेने, अंजनाने, शेळीच्या दुधाचा चहा दिला. त्याला एक उग्र वास असतो आणि पहिल्या घोटाला माणूस थोडा थबकतो. अंजना माझ्याकडे बघत होती.

"आवडंना का?"

"आवडला."

"मग डोळे कामून मिटले?"

मी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची पानं पिशवीत वर ठेवली होती. बोलण्याच्या नादात एका शेळीने त्यातलं मधलं पान ओढून घेतलं. अंजनाने तिच्या तोंडातून निम्मं परत मिळवलं.

"काय व्हतं त्याच्यात?" केरबाने विचारलं.

"सरकारने काय काय आपल्या हातात घ्यावं ते."

"खाऊ द्या."

मग तो मूळ मुद्द्यावर आला, म्हणजे माझ्यावर. "मॅडम, तुमी शिकलेल्या. अज्ञात मंजे काय वो?"

"माहीत नसलेलं."

"मग खोटं हाय ते. मला माहीत हाय. या सरांस्नी माहीत हाय. शाळेतल्या लेकरांस्नी माहीत हाय. कागदाला तेवढं माहीत न्हाई."

"उद्याच्या सभेत तुम्हाला काय हवंय?"

"गाड्या बंद करा मनून मी कवाच न्हाई मनलं. ते सरपंचाचं. मुनीरची जीप बंद केली तर ह्या पोरीला कसं न्यायचं?" त्याने अंजनाकडे मान केली. ती पोटुशी होती, सहावा-सातवा महिना. "मला येवढंच लिवून पायजे. पारूला सरकारी गाडीनं उडवलं. सभेनं लिवलं की पोलिसाला लिवावं लागल. गाव मनतंय मनल्यावर न्हाई कसं मनल ते?"

सर म्हणाले, "मामा, सरपंच नको मनला तर?"

"तर काटे न्हाई काढणार मी. मला धरून न्या मनावं." त्याने तंबाखू मळली. "रस्त्यावर टाक मनून म्याच सांगितलं व्हतं तिला. ती मनली, अंगणात बडवू. मी मनलं, गाड्या जायलेत फुकट, कशाला हात फोडून घेती."

अंजना उठून मेंढरांकडे गेली. वाडग्यात कोकरं आपापल्या आया शोधत होती आणि प्रत्येकाला सापडेपर्यंत दुसऱ्या आयांच्या लाथा बसत होत्या. मी चहा संपवला. थंड झाल्यावर तो फार उग्र लागत नाही.

मांडव

सकाळी सरपंचांच्या माणसांनी केरबाच्या घरासमोरचे काटे उचलून ओढ्यात टाकले, कारण साहेब येणार होते. हे दुसरे साहेब. तालुक्याहून सभेला मार्गदर्शन करायला आलेले. त्यांचीही गाडी पांढरी. ती गावात शिरली तेव्हा मांडवातली बोलणी जरा थांबली आणि नारळ फुटल्यावर पुन्हा सुरू झाली.

सरपंच चाळिशीतले, कडक इस्त्रीचे. त्यांनी लॅमिनेट केलेला माझा लेख हातात धरून सुरुवात केली. "पुण्याच्या मॅडमनी शिद्ध केलेलं हाय, की खाजगी मोटार ही समाजाची शत्रू हाय." मी असं काही सिद्ध केलं नव्हतं, पण टाळ्या पडल्या. आपल्या लेखाला लोक उठून टाळ्या वाजवतायत, हे दृश्य लेखकाला इतक्या क्वचित दिसतं की त्यात दुरुस्ती सुचवायला धीर लागतो.

मग चर्चा झाली. ग्रामसेवक ठरावाचा मसुदा वाचत गेले आणि लोक सूचना देत गेले.

"ट्रॅक्टरचं काय?" एकाने विचारलं.

"ट्रॅक्टर शेतीचं अवजार. वगळला."

"दुधाचा टेम्पो?"

"जीवनावश्यक. वगळला."

"मोटारसायकल?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. बहुतेक जण तिच्यावरूनच आले होते. ती मोटार नव्हे असं ठरलं.

लग्नातल्या गाड्या मांगल्याच्या म्हणून सुटल्या. सरपंचांच्या स्वतःच्या चारचाकीचा विषय कुणी काढला नव्हता. त्यांनीच तो काढला आणि मोठेपणाने म्हणाले, माझीपण बंद करा. तेव्हा तीन-चार जण उठून म्हणाले की लोकप्रतिनिधीची गाडी खाजगी कशी, ती तर जनतेची. त्यांनी हात जोडले. वगळली.

बायकांच्या बाजूने आवाज आला, "करडी कशानं मळायची मग? साहेबांच्या गाडीनं?"

हशा पिकला. साहेबही हसले. सुगीपुरती बाहेरच्या गाड्यांना सूट, असं ग्रामसेवकांनी लिहून घेतलं.

बंद करायची सवय लागायला वेळ लागत नाही. मोटारीनंतर एकाने डीजे बंद करा म्हटलं. दुसऱ्याने पानटपरी अंधार पडल्यावर बंद. तिसऱ्याने, कॉलेजला जाणाऱ्या पोरींचे मोबाईल. त्याची स्वतःची पोरगी पूर्ण्याला शिकत होती आणि ती मागच्या रांगेतून त्याच्याकडे बघत होती. मग एक जण म्हणाला की अपघात गाड्यांमुळेच होतात असं नाही, रस्त्यावर मोकळ्या फिरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांमुळेपण होतात, तेव्हा चराईलापण शिस्त पाहिजे. मान्य, असे आवाज आले. ज्याच्या बायकोसाठी सभा भरली होती त्याची मेंढरं ठरावात आली, ती अशी.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माझं भाषण शेळीने सुटसुटीत केलं होतं. मी म्हटलं, ज्या गाडीमुळे हा विषय निघाला ती कुणाची होती, हे ठरावात पहिल्या ओळीत यावं; नाहीतर आपण नेमकं काय बंद करतोय हे पुढच्या पिढीला कळणार नाही. सरपंच म्हणाले, मॅडमनी मोलाचं मार्गदर्शन केलं. मला शाल दिली.

तेव्हा केरबा उठला. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश.

"ती गाडी सरकारी व्हती," तो म्हणाला. "समद्यांनी बघितली. येवढं लिवा. बाकी तुमचं काय करायचं ते करा."

माइक चालत नव्हता, पण मागच्या रांगेलाही ऐकू गेलं. पारूबाईबरोबर त्या दिवशी करडई हलवायला आलेल्या दोन बायका तिथेच बसल्या होत्या. एकीने पदराचं टोक दातात धरलं.

खंदारे सर माझ्या शेजारून उठले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. "केरबा मामांच्या मनण्याला माझं अनुमोदन हाय. मीबी बघितली."

ग्रामसेवक पेन उघडं धरून सरपंचांकडे बघत राहिले. सरपंचांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी फोनकडे बघितलं.

"मामा," ग्रामसेवक अखेर म्हणाले, आणि खरंच अजीजीने म्हणाले, "विषयपत्रिकेवर हा विषय न्हाई. आयत्या वेळच्या विषयाला अध्यक्षांची परवानगी लागती."

"पुढल्या सभेत घेऊ," सरपंच म्हणाले. "एकदम पयला विषय."

"पुढली कवा?"

"कळवू की."

केरबा उभाच राहिला. त्याला खाली बसायला मदत लागते. कुणी पुढे आलं नाही, म्हणून सर गेले.

ठराव वाचला गेला. "गतवर्षी अज्ञात खाजगी वाहनामुळे घडलेल्या दुर्दैवी घटनेच्या पार्श्वभूमीवर, शासकीय वाहने वगळून..." पोलिसांनी नुसतं अज्ञात लिहिलं होतं. खाजगी हा शब्द गावाने स्वतःच्या हाताने घातला. हात वर करायला सांगितलं. मांडवभर हात उभे राहिले. कडेच्या खांबापाशी मुनीर उभा होता. त्याचाही हात वर होता.

केरबाने सरांना विचारलं, "काय लिवलं?"

सरांनी सांगितलं. पूर्ण सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला वाटलं होतं ते गाळतील.

परत

बंदी दुसऱ्या दिवसापासून होती, म्हणून मुनीरने मला त्याच दुपारी पूर्ण्याला सोडलं. साहेब स्वतःच्या गाडीत जागा आहे म्हणाले होते. मी नको म्हटलं. यात फार मोठं काही नव्हतं. त्यांची गाडी थंड होती आणि मुनीरच्या जीपमध्ये मागून धूळ येत होती, एवढाच फरक.

ट्रॅक्टर, टेम्पो, सरपंच, नवरदेव आणि सरकार वजा केल्यावर गावात बंद करण्यासारखी गाडी एकच उरत होती. मी मुनीरला विचारलं, "तुम्ही हात का वर केला?"

"सगळ्यांनी केला."

"तुमची एकट्याची तर गाडी आहे."

"मनूनच." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "एकट्याचा खाली राह्यला असता तर दिसला असता मॅडम."

केरबाच्या घरासमोरून गेलो तेव्हा रस्ता मोकळा होता. ओढ्यात टाकलेल्या फांद्या केरबा आणि अंजना ओढून वर काढत होते. मुनीरने जीप थांबवली, उतरून फांद्यांना हात लावला. काटे पुन्हा मांडून होईपर्यंत मी जीपमध्ये बसून राहिले. मग मीही उतरले. बाभळीचा काटा शहरातल्या माणसाच्या हाताला लगेच ओळखतो.

पुण्यात आल्यावर मी सरांना फोन करत राहिले. पुढली सभा झाली का? झाली, कोरम भरला नाही. ठरावाचं काय? त्याचं वरून कौतुक झालं, सरपंचांचा फोटो आला. गावाच्या तोंडाशी आडवा बांबू बसला आणि शिट्ट्या घेतलेले दोन तरुण. अंजना तिच्या माहेरी गेली, कारण तिथे दवाखाना जवळ आहे. जीप मुनीरने गावाबाहेर फाट्यावर लावायला सुरुवात केली.

शेवटचा फोन वैशाखातला. केरबाने सभेची वाट बघणं सोडलं होतं. परभणीला पोलिसांच्या मोठ्या साहेबांपुढे जाऊन स्वतः जबानी द्यायची, अज्ञात हा शब्द काढून घ्यायचा, असं त्याने ठरवलं. सर शाळेतून रजा घेऊन साक्षीदार म्हणून बरोबर निघाले. गुडघ्यांमुळे केरबाला फाट्यापर्यंत चालवत नव्हतं आणि मोटारसायकलवर बसवत नव्हतं, म्हणून मुनीर जीप बांबूपर्यंत आणि मग बांबूच्या आत घेऊन आला. शिट्ट्या वाजल्या. ठरावाखालची पहिली कारवाई झाली आणि जीप ग्रामपंचायतीसमोर अडकवून ठेवली.

तेव्हा तिघेही फाट्यापर्यंत चालत गेले. केरबाला मधे मधे बसवावं लागलं. उन्हात ते एसटीची वाट बघत थांबले. दुपार उलटली तरी एसटी आली नाही. नंतर कळलं की त्या दिवशी त्या बाजूच्या सगळ्या एसट्या परभणीला रस्ता सुरक्षेच्या मेळाव्यासाठी माणसं न्यायला लावल्या होत्या.